रेल्वे तिकिटाचा परतावा : नियम आणि खिडकीवरचे तारतम्य

पांढुर्णा आणि सौंसर ही गावे मध्य प्रदेशाच्या दक्षिण सीमेवर, नागपूरच्या उत्तरेस वसली आहेत. पूर्वी ती छिंदवाडा जिल्ह्यात होती. ५ ऑक्टोबर २०२३ पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आहेत. दोन्हीकडे घराघरांतून मराठी बोलली जाते, दोन्हीकडे संत्र्याच्या बागा आहेत आणि मोठा दवाखाना असो, महाविद्यालय असो की लग्नाचा बस्ता, दोन्हीकडचा माणूस नागपूरची वाट धरतो. रेल्वेच्या कारभारात मात्र ही शेजारी गावे दोन वेगळ्या घरची आहेत. पांढुर्णा स्थानक इटारसी–नागपूर या मुख्य लोहमार्गावर असून ते मध्य रेल्वेकडे आहे. तिचे मुख्यालय मुंबईस आहे. सौंसर हे नागपूर–छिंदवाडा मार्गावर आहे. हा मार्ग दीर्घकाळ नॅरोगेज होता, रुंदीकरणासाठी २०१५ मध्ये तो बंद झाला आणि आता ब्रॉडगेज आहे. तो २००३ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे असून तिचे मुख्यालय बिलासपूर येथे आहे.

गाडी वेळेवर आली आणि जागा मिळाली तर प्रवाशाला या विभागणीचे काही सोयरसुतक नसते. प्रश्न उपस्थित होतो तो तिकिटाचे पैसे परत घेण्याची वेळ आली म्हणजे. खिडकीवर पैसे मिळाले नाहीत तर पांढुर्ण्याच्या प्रवाशाचा अर्ज मुंबईच्या दिशेने जातो आणि सौंसरच्या प्रवाशाचा बिलासपूरच्या. नियम साऱ्या देशाला एकच. परंतु तो वाचणारी कार्यालये दोन, आणि त्यापूर्वी तो वाचणारा खिडकीवरचा कर्मचारी दर पाळीला निराळा.

“शेजाऱ्याला पैसे मिळाले, आम्हाला नाही” ही तक्रार गावोगाव ऐकू येते. तिच्या मुळाशी तीन भिन्न कारणे असतात. काही वेळा नियमच दोन प्रकारच्या तिकिटांत भेद करतो. काही वेळा प्रवाशाला ठाऊक असलेला नियम केव्हाच बदललेला असतो. आणि काही वेळा नियमाने निर्णय माणसावर सोपवलेला असतो व दोन माणसे दोन निर्णय देतात. तिन्हींवरचे उपाय वेगळे असल्यामुळे ती एकमेकांत मिसळू न देणे हे पहिले काम होय. सर्वच गोष्टींचा दोष खिडकीवरच्या बाबूवर टाकणे सोपे आहे. ते नेहमी न्याय्य असतेच असे नाही.

कायदा काय देतो

१८९० च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा रेल्वे अधिनियम १९८९ हा १ जुलै १९९० पासून अमलात आला. त्याच्या कलम ५२ मध्ये परताव्याचा मूळ हक्क आहे. तिकीट रद्द करण्यासाठी परत केले असता रेल्वे प्रशासनाने ते रद्द करावे आणि विहित केलेली रक्कम परत द्यावी, एवढाच त्या कलमाचा आशय. म्हणजे परतावा ही कर्मचाऱ्याने केलेली मेहेरबानी नसून कायद्याने घातलेले बंधन आहे. परंतु किती रक्कम, किती मुदतीत आणि कोणत्या खिडकीवर, हे कायद्याने सांगितलेले नाही. ते केंद्र शासनाने करावयाच्या नियमांवर सोपविले आहे. कलम ५१ आणखी एक हक्क देते. वरच्या वर्गाचे तिकीट असून जागेअभावी खालच्या वर्गातून प्रवास करावा लागला, तर दोन भाड्यांतील फरक प्रवाशाला परत मिळाला पाहिजे.

याच अधिनियमाचे कलम ४९ फारसे कोणी वाचत नाही, पण या विषयात ते महत्त्वाचे आहे. प्रत्येक स्थानकावर ठळक आणि सहज पाहता येईल अशा जागी गाड्यांच्या वेळा व भाड्यांची यादी लावली पाहिजे आणि ती हिंदी, इंग्रजी व त्या भागात सर्वसाधारणपणे वापरात असलेल्या प्रादेशिक भाषेत असली पाहिजे, असे ते सांगते. पांढुर्णा–सौंसरच्या मराठी भाषकांना या शब्दांचा अर्थ वेगळा सांगण्याचे कारण नाही. मात्र या कलमात वेळा आणि भाडे यांचाच उल्लेख आहे. परताव्याच्या नियमांचा नाही. तिकिटासाठी किती पैसे द्यायचे हे भिंतीवर वाचण्याचा हक्क कायद्याने दिला. किती परत मिळायचे हे वाचण्याचा दिला नाही. पुष्कळशा वादांचा उगम या एका त्रुटीत आहे. भिंतीवर नियम नसला म्हणजे खिडकीवरचा शब्द हाच नियम ठरतो.

बदलत गेलेल्या मुदती

परताव्याची सविस्तर नियमावली १९९८ मध्ये झाली. तिच्यात उदारपणा होता. निश्चित जागेचे तिकीट न वापरता गाडी सुटून गेली, तरी अंतराप्रमाणे काही तासांपर्यंत निम्मे भाडे परत मिळत असे. २०१३ मध्ये ही सवलत आकुंचित होऊन गाडी सुटल्यानंतर दोन तासांवर आली. पुढे १२ नोव्हेंबर २०१५ पासून नवी नियमावली लागू झाली आणि मुदतीची रेघ गाडी सुटण्याच्या अलीकडे सरकली. सुटण्याच्या नियोजित वेळेपूर्वी चार तास उरले की निश्चित तिकिटावर काहीच परत नाही, असे तिने ठरविले.

म्हणजे ज्या गृहस्थाने २०१२ मध्ये गाडी चुकल्यावर निम्मे पैसे परत घेतले होते, तोच २०१६ मध्ये त्याच खिडकीवर गेला तर रिकाम्या हाताने परतणार. त्याला वाटणार की बाबू मनमानी करतो आहे. बाबू मात्र त्या दिवशीचा नियमच पाळत असतो. अनुभवाने शिकलेला नियम जुना होतो आणि तो बदलल्याची वार्ता गावापर्यंत पोहोचत नाही, हा या विषयातील मोठा भाग आहे. २०२५ मध्ये रेल्वेने आरक्षणाचा पहिला तक्ता चार तासांऐवजी आठ तास आधी तयार करण्यास आरंभ केला, आणि काही नव्या गाड्यांसाठी वजावटीचे वेगळे टप्पेही लावले आहेत. तेव्हा पुढे दिलेले आकडे २०१५ च्या नियमावलीची रचना समजावी म्हणून आहेत. तिकीट काढण्याच्या दिवशी लागू असलेला दर खिडकीवर किंवा १३९ या दूरध्वनी क्रमांकावर विचारून घ्यावा.

त्या नियमावलीने निश्चित तिकिटावर दर प्रवाशामागे किमान वजावट ठरविली : द्वितीय वर्गाच्या बैठकीसाठी ६० रुपये, शयनयानासाठी १२० रुपये, वातानुकूलित तृतीय श्रेणीसाठी १८० रुपये, द्वितीय श्रेणीसाठी २०० रुपये व प्रथम श्रेणीसाठी २४० रुपये. गाडी सुटण्यापूर्वी ४८ तासांहून अधिक अवधी असेल तर केवळ ही किमान वजावट. ४८ ते १२ तासांच्या दरम्यान भाड्याच्या २५ टक्के आणि १२ ते ४ तासांच्या दरम्यान ५० टक्के. मात्र दोन्ही वेळा वजावट किमान रकमेपेक्षा कमी असणार नाही.

हे गणित वर्गात फळ्यावर मांडून पाहण्यासारखे आहे. समजा, शयनयानाचे भाडे ४०० रुपये आहे. तीन दिवस आधी रद्द केल्यास १२० रुपये कापून २८० हाती येतील. आदल्या दिवशी रद्द केल्यास २५ टक्के म्हणजे १०० रुपये व्हावयास हवेत. परंतु किमान १२० असल्यामुळे पुन्हा २८० च. आठ तास आधी गेल्यास २००. आता बैठकीच्या आरक्षित तिकिटाचे भाडे ९५ रुपये धरा. तीन दिवस आधी धावतपळत गेले तरी ६० कापले जाऊन ३५ मिळतील, आणि आठ तास आधी गेले तरी ३५ च. दीड हजार रुपयांच्या तिकिटावर १८० रुपये म्हणजे एक अष्टमांशाहून कमी. ९५ रुपयांच्या तिकिटावर ६० म्हणजे जवळजवळ दोनतृतीयांश. एकच ठोक रकमेची पट्टी लावली असता जवळच्या व स्वस्त प्रवासावर ती जड पडते. नागपूरपर्यंतच प्रवास करणाऱ्या माणसाला परतावा ‘मिळालाच नाही’ असे वाटते, त्याचे कारण बहुधा हे असते. येथे कर्मचाऱ्याचा काही संबंध नाही. तक्रार असेल तर ती नियमाविषयी आहे आणि ती खिडकीवर नव्हे, लोकप्रतिनिधींमार्फत रेल्वे मंत्रालयाकडे करावयाची आहे.

आरक्षण नसलेल्या साध्या तिकिटाची मुदत आणखी वेगळी. ते विकत घेतल्यापासून तीन तासांच्या आत परत केल्यास ३० रुपये कारकुनी आकार कापून उरलेली रक्कम मिळावी, असा २०१५ चा नियम. भाडेच ३० रुपये असेल तर उरण्यासारखे काही राहत नाही, हे उघड आहे.

एकच गाडी, दोन प्रवासी

आता जेथे नियमच दोन माणसांना दोन वाटांनी नेतो, तो प्रकार पाहू. गाडी रद्द झाली. एका प्रवाशाने मोबाइलवरून ई-तिकीट काढले होते; दुसऱ्याने खिडकीवर रांग लावून कागदी तिकीट घेतले होते. पहिल्याचे भाडे त्याने काहीही न करता आपोआप त्याच्या खात्यात परत जाते. दुसऱ्याला, २०१५ च्या नियमावलीनुसार, गाडी सुटण्याच्या नियोजित दिवसापासून तीन दिवसांच्या आत तिकीट घेऊन स्वतः खिडकीवर जावे लागते. तीन दिवस उलटले की हक्क गेला. दोघांचाही दोष नाही, गाडी रेल्वेनेच रद्द केली, पण धावपळ एकालाच. आणि ती कोणाला करावी लागते? बहुधा जो संगणकावर तिकीट काढू शकत नाही, ज्याचे गाव स्थानकापासून दूर आहे आणि ज्याचा खिडकीवर येण्याचा एक दिवस म्हणजे बुडालेली एक मजुरी, त्याला. ई-तिकीटवाल्याचे सेवाशुल्क परत मिळत नाही, ही गोष्ट खरी. पण एका मजुरीशी त्याची तुलना होऊ शकत नाही.

प्रतीक्षा यादीचेही असेच. तक्ता तयार झाल्यावरही नाव पूर्णपणे प्रतीक्षा यादीतच राहिले तर ई-तिकीट आपोआप रद्द होऊन कारकुनी आकार वजा जाता पैसे परत येतात. कागदी तिकीट असलेल्याने मात्र गाडी सुटण्याच्या नियोजित वेळेपूर्वी अर्ध्या तासापर्यंत ते खिडकीवर रद्द केले पाहिजे. जागा मिळेल या आशेवर तो फलाटावर थांबला, गाडी आली, डब्यात पाय ठेवायला जागा नाही आणि गाडी निघून गेली, की मुदतही तिच्याबरोबर गेलेली असते. अशा वेळी प्रवासी जे रागावून बोलतो ते समजण्यासारखे आहे. तथापि खिडकीवरच्या माणसाच्या हाती त्या क्षणी काहीही नसते. संगणक त्याला ते तिकीट रद्द करू देत नाही.

यावर अर्धामुर्धा उपाय आहे. खिडकीवरून काढलेले तिकीटही १३९ क्रमांकावरून किंवा रेल्वेच्या तिकीट संकेतस्थळावरून मुदतीत रद्द करता येते आणि पैसे नंतर खिडकीवर घेता येतात. परंतु त्यासाठी आरक्षणाच्या अर्जावर आपला चालू मोबाइल क्रमांक लिहिलेला असला पाहिजे, कारण खातरजमेचा आकडा त्याच क्रमांकावर येतो. पुष्कळ जण ती चौकट रिकामी सोडतात, किंवा अर्ज भरून देणारा मध्यस्थ स्वतःचा क्रमांक लिहितो. चौकट लहान आहे, पण पुढचे पैसे तिच्यावर अवलंबून असतात.

कागदी तिकिटाचा हा भार कमी करता येतो, हे २०२० मध्ये रेल्वेनेच दाखवून दिले. मार्चमध्ये टाळेबंदीमुळे प्रवासी गाड्या थांबल्या तेव्हा खिडक्याही बंद होत्या. तीन दिवसांची मुदत पाळणे कोणालाच शक्य नव्हते. रेल्वेने ती प्रथम वाढविली, पुन्हा वाढविली आणि अखेर जानेवारी २०२१ मध्ये, २१ मार्च ते ३१ जुलै २०२० या काळातील प्रवासाच्या खिडकीवरील तिकिटांसाठी, प्रवासाच्या दिनांकापासून नऊ महिन्यांपर्यंत नेली. येथे नियम शिथिल झाला, पण कोणा एका बाबूच्या मर्जीने नव्हे. लेखी आदेश निघाला, तो जाहीर झाला आणि सर्व स्थानकांना सारखाच लागू झाला. सवलत देण्याची ही पद्धत आणि एखाद्या ओळखीच्या माणसाला खिडकीआड दिलेली सवलत, या दोहोंत मोठे अंतर आहे.

तारतम्य कोठे सुरू होते

कोणताही नियम सर्व प्रसंगांची आगाऊ कल्पना करू शकत नाही. गाडी तीन तासांहून अधिक उशिरा असेल आणि प्रवाशाने गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी तिकीट परत केले, तर कसलीही वजावट न करता पूर्ण भाडे मिळते, हा नियम स्पष्ट वाटतो. पण फलकावर ‘तीन तास वीस मिनिटे उशिरा’ असे लागले आहे आणि घड्याळात अजून दोनच तास झाले आहेत. त्याच वेळी पैसे द्यावेत, की तीन तास पुरे होऊ द्यावेत? वाटेत गाडीने वेळ भरून काढला तर? एक कर्मचारी फलकावर विश्वासून पैसे देईल, दुसरा थांबायला सांगेल. थांबायला सांगितलेला प्रवासी कंटाळून बसने निघून गेला आणि तिकीट घेऊन दुसऱ्या दिवशी आला, तर गाडी सुटून गेलेली असते आणि हक्क संपलेला असतो. दोन्ही कर्मचाऱ्यांनी नियम मोडला असे म्हणता येत नाही. परिणाम मात्र दोन टोकांचे.

दुसरे उदाहरण स्थानिक आहे. बंद, आंदोलन किंवा पूर यांमुळे प्रवासी स्थानकापर्यंत पोहोचू शकला नाही, तर त्याच्या दाव्याचा विचार करण्याची तरतूद नियमांत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. समजा, त्या दिवशीच्या बंदोबस्तात एखादे कुटुंब अडकले आणि गाडी चुकली. हा बंद नव्हे, आंदोलन नव्हे, पूरही नव्हे. मुंबईच्या कार्यालयात बसलेल्या अधिकाऱ्याला गोटमार ठाऊक असेल किंवा नसेलही. त्याने काय करावे? नियमाचे अक्षर पाहिले तर नकार. नियमाचा हेतू पाहिला तर विचार करण्यास जागा आहे. स्वेच्छाधिकार म्हणतात तो येथे लागतो, आणि तो असावाच लागतो. तो पूर्णपणे काढून घेतला तर यंत्र उरेल आणि खरी अडचण असलेला माणूसच प्रथम भरडला जाईल.

मग खिडकीवर नकार देण्याकडे कल का असतो? त्याचे एक कारण रेल्वेच्या हिशेबपद्धतीत आहे. स्थानकावरील प्रत्येक परताव्याची तपासणी पुढे वाहतूक लेखा शाखा करते. नियमाबाहेर पैसे दिले गेल्याचे आढळल्यास ती रक्कम स्थानकाच्या नावे टाकली जाते आणि अखेरीस संबंधित कर्मचाऱ्याच्या पगारातून वसूल होऊ शकते. उलटपक्षी, देय असलेला परतावा नाकारला म्हणून त्याच्या पगारातून सहसा काही कापले जात नाही. देण्यात जोखीम आणि न देण्यात निर्धास्तपणा, अशी रचना असल्यावर सावध माणूस कोणती बाजू घेईल हे सांगावयास नको. ही रचना न बदलता केवळ ‘सौजन्याने वागा’ अशी परिपत्रके काढल्याने फारसे साधत नाही.

याच अडचणीसाठी नियमांनी एक मधला मार्ग ठेवला आहे. तो म्हणजे तिकीट ठेव पावती. रेल्वेत तिला टी.डी.आर. म्हणतात. स्थानकावर परतावा देता येत नसेल तेव्हा तिकीट जमा करून घेऊन स्टेशनमास्तरने ही पावती द्यावयाची असते. ती घेऊन प्रवाशाने संबंधित रेल्वेच्या परतावा कार्यालयाकडे अर्ज करावा. २०१५ च्या नियमावलीने त्याला दहा दिवसांची मुदत दिली. मग ते कार्यालय गाडीचा तक्ता तपासून व प्रकरणाचे गुणावगुण पाहून निर्णय देते. या पावतीमुळे कर्मचारी जोखमीतून सुटतो आणि प्रवाशाच्या हाती पुरावा राहतो. दुर्दैवाने खिडकीवर ‘पैसे मिळणार नाहीत’ एवढेच ऐकून बहुतेक माणसे परत फिरतात. ‘मग पावती द्या’ हे तीन शब्द त्यांना कोणी शिकविलेले नसतात.

प्रवासात घडलेल्या गोष्टींसाठीही असाच कागद लागतो. वातानुकूलन बंद पडले, किंवा खालच्या वर्गात बसावे लागले, तर तिकीट तपासनिसाकडून अथवा गार्डकडून, ज्याला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, त्याच गाडीत तसा दाखला घेतला पाहिजे. वातानुकूलन बिघाडाच्या प्रकरणात गंतव्य स्थानकावर पोहोचल्यापासून वीस तासांच्या आत तिकीट व दाखला सादर करण्याची मुदत २०१५ च्या नियमावलीत आहे. दाखला नसेल तर डब्यातल्या साऱ्या प्रवाशांना घाम फुटला होता हे खरे असूनही कागदोपत्री ते घडलेलेच नसते.

निर्णयाला कारण हवे

स्वेच्छाधिकार म्हणजे मनास येईल तसे वागण्याची मोकळीक नव्हे, हे आपल्या न्यायालयांनी अनेकदा सांगितले आहे. जयसिंघानी विरुद्ध भारत संघ या १९६७ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने मनमानी सत्तेचा अभाव हे कायद्याच्या राज्याचे पहिले लक्षण मानले. १९९० मध्ये एस. एन. मुखर्जी प्रकरणात घटनापीठाने न्यायसदृश काम करणाऱ्या प्रशासकीय अधिकाऱ्याने आपल्या निर्णयाची कारणे नोंदवावीत, असे ठरविले. तिकिटाचा परतावा ही बाब लहान असली तरी तत्त्व तेच लागू करण्यासारखे आहे. ‘दावा नामंजूर’ या दोन शब्दांनी प्रवाशाला काहीच कळत नाही. ‘गाडी आपल्या स्थानकावरून दोन तास पन्नास मिनिटे उशिरा सुटली, म्हणून नामंजूर’ असे लिहिले तर तो पडताळून पाहू शकतो, आणि मुंबई व बिलासपूर एकाच प्रसंगी वेगळे वागत असतील तर तेही उजेडात येते. कारणे लिहिलेली असली की तुलना करता येते. न लिहिलेल्या निर्णयांत विसंगती असली तरी ती कोणाला दिसत नाही. कारण कळविले नसेल तर माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली ते मागता येते.

राजस्थानातील कोटा येथील एका अभियंत्याने हा मार्ग कसा वापरला, हे पाहण्यासारखे आहे. त्याने एप्रिल २०१७ मध्ये २ जुलैच्या प्रवासाचे तिकीट काढले आणि नंतर रद्द केले. दरम्यान १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. ६५ रुपये कापले जावयाचे ते १०० कापले गेले. वरचे ३५ रुपये सेवाकराचे होते, जो कर प्रवासाच्या दिवशी अस्तित्वातच नव्हता. त्याने माहिती अधिकाराखाली अर्जांमागून अर्ज केले. मे २०१९ मध्ये त्याला ३३ रुपये मिळाले. उरलेल्या दोन रुपयांसाठी आणखी तीन वर्षे गेली. परंतु या खटाटोपात जे निष्पन्न झाले ते असे की, याच प्रकारे पैसे कापले गेलेल्या सुमारे २.९८ लाख प्रवाशांना मिळून २.४३ कोटी रुपयांचा परतावा मंजूर झाला. पस्तीस रुपयांसाठी कोण भांडतो, या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यात आहे.

मथुरेचे प्रकरण खिडकीवरच्या जादा आकारणीचे आहे, पण जवळचेच. २५ डिसेंबर १९९९ रोजी तेथील एका वकिलाने मुरादाबादची दोन तिकिटे घेतली. सत्तर रुपये व्हावयाचे, नव्वद घेतले गेले. जादा वीस रुपये परत मिळेनात म्हणून तो ग्राहक न्यायालयात गेला. तक्रार रेल्वे न्यायाधिकरणापुढेच चालली पाहिजे, असा आक्षेप रेल्वेने घेतला. शेवटी ऑगस्ट २०२२ मध्ये, म्हणजे बावीस वर्षांहून अधिक काळाने, वीस रुपये बारा टक्के व्याजासह आणि वर पंधरा हजार रुपये देण्याचा आदेश झाला. न्याय मिळाला हे खरे. पण बावीस वर्षे तारखा करण्याची ताकद वकिलाची होती, कापूस वेचणाऱ्या बाईची नसते.

दाद कोणाकडे मागावी याविषयी थोडा गोंधळ आहे. रेल्वे दावा न्यायाधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १३ नुसार भाड्याच्या परताव्याचे दावे त्या न्यायाधिकरणाच्या कक्षेत येतात आणि कलम १५ नुसार अशा दाव्यांत इतर न्यायालयांना मज्जाव आहे. भोपाळ आणि नागपूर या दोन्ही ठिकाणी त्याची पीठे आहेत. सेवेतील त्रुटीसाठी मात्र जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये असेच एक प्रकरण निकाली काढले. अजमेर–जम्मू गाडी जून २०१६ मध्ये चार तास उशिरा पोहोचली आणि एका कुटुंबाचे श्रीनगरचे विमान चुकले. उशीर आपल्या आवाक्याबाहेरील कारणाने झाला हे रेल्वेने दाखविले नाही, म्हणून नुकसानभरपाईचा आदेश न्यायालयाने कायम ठेवला. तेव्हा निव्वळ परतावा हवा असेल तर न्यायाधिकरण आणि सेवेतील दोषाची भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग, अशी स्थूल विभागणी ध्यानात ठेवावी. त्यापूर्वी परतावा कार्यालयाकडे अर्ज केलेला असणे केव्हाही चांगले.

अर्ज लिहिताना

शाळांतून अर्जलेखन शिकविले जाते. सुटीचा अर्ज, दाखल्याचा अर्ज यांच्याच जोडीला परताव्याचा अर्ज शिकविला तर मुले घरच्यांना तो लिहून देऊ शकतील. त्यात लागणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत : तिकिटावरील दहा अंकी पी.एन.आर. क्रमांक किंवा साध्या तिकिटाचा क्रमांक, गाडीचा क्रमांक, प्रवासाचा दिनांक, स्थानकावर कधी पोहोचलो ती वेळ, काय घडले ते चार ओळींत, खिडकीवर कोणते उत्तर मिळाले, ठेव पावतीचा क्रमांक व दिनांक, आणि पैसे कोणत्या बँक खात्यात हवेत. ‘कर्मचारी उद्धट बोलला’ हे लिहिण्याचा मोह टाळावा. ती वेगळी तक्रार आहे आणि ती परताव्याच्या अर्जात आली की मूळ मागणी बाजूला पडते. पावतीची मूळ प्रत अर्जासोबत जाते, म्हणून तिची छायाप्रत आधी काढून ठेवावी आणि अर्ज नोंदणी डाकेने पाठवून पोच जपून ठेवावी.

सौंसर आणि पांढुर्णा येथील प्रवाशांनी पत्त्याकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. मध्य रेल्वेचा एक नागपूर विभाग आहे आणि दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचाही एक नागपूर विभाग आहे. दोहोंचे विभागीय रेल्वे प्रबंधक वेगळे, कार्यालये वेगळी. नुसते ‘विभागीय रेल्वे प्रबंधक, नागपूर’ असे लिहिलेले पत्र भलत्याच कार्यालयात जाऊन पडण्याचा संभव असतो, आणि दहा दिवसांच्या मुदतीतील चार दिवस तेथेच जातात. पावती पांढुर्णा स्थानकाची असेल तर पाकिटावर ‘मध्य रेल्वे’ आणि सौंसर स्थानकाची असेल तर ‘दक्षिण पूर्व मध्य रेल्वे’ हे शब्द ठळक अक्षरांत लिहावेत.